चेहरा आणि नाव

(साकोली येथे ज्युबिली महोत्सवानिमित्त भरविलेल्या जुन्या छायाचित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आज प्रातःकाळी कृतज्ञतेचे मिस्साबलिदान अर्पण करून आपण आपल्या ज्युबिली महोत्सवास आरंभ केला. आता या सभागृहात मांडलेल्या जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन खुले करण्याचे काम आपण आम्हांकडे सोपविले आहे. फीत कापावयास क्षणभर पुरेल. परंतु त्यापूर्वी चार शब्द बोलावेत अशी आमची इच्छा आहे. त्यांत आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची हकीकत आहे, आणि ती सर्वांसमक्ष कबूल करणे आम्हांस उचित वाटते.

समोरच्या भिंतीवर मध्यभागी, पुठ्ठ्यावर चिकटविलेले एक छायाचित्र आपणांस दिसेल. त्याचा उजवा कोपरा वाळवीने खाल्ला आहे. चार वर्षांपूर्वी एका जुन्या लाकडी पेटीत, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरांच्या खाली, ते आम्हांस सापडले. त्यात अठरा माणसे आहेत. मधोमध खुर्चीवर पांढऱ्या झग्यातील, दाढी वाढविलेले एक युरोपियन मिशनरी बसले आहेत. त्यांच्या मागे फेटे बांधलेले पुरुष उभे आहेत, बाजूस डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रिया आहेत, आणि पुढे जमिनीवर मुले बसली आहेत. पाठीमागे फ्रेंच भाषेत एक ओळ लिहिलेली आहे. तीत मिशनरींचे नाव आहे आणि त्यापुढे "आणि त्यांचे ख्रिस्ती" एवढेच शब्द आहेत. अठरांपैकी एकास नाव आहे, सतरांस नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही ते छायाचित्र आपल्या एका केंद्रगावी नेले. मिस्सा संपल्यावर तेथील एका वृद्ध आजीबाईंच्या हाती दिले. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी मंद. त्यांनी ते उजेडाकडे धरले, बराच वेळ पाहिले, आणि अगदी डाव्या टोकास बसलेल्या एका लहान मुलीवर बोट ठेवले. तिचा चेहरा पुसट आला आहे, कारण फोटो घेताना ती हलली होती. आजी म्हणाल्या, "फादर, ही मीच. हलू नको म्हणून आईनं दटावलं होतं, तरी हलली." मग त्या एकामागून एक सांगू लागल्या. हा माझा बाप. ही आमच्या शेजारची; हिने डोक्यावरून पाणी वाहून देवळाच्या भिंतीची माती कालवली. हा गावचा पहिला मास्तर. याला येशूच्या गोष्टी सांगताना रडू येई. अशा सात जणांची नावे त्यांनी सांगितली. आम्ही ती मिस्साच्या सूचनांच्या कागदामागे टिपून घेतली. इतक्यात त्या थकल्या आणि म्हणाल्या, "बाकीचे पुढच्या खेपेला सांगते."

बंधुभगिनींनो, पुढची खेप आलीच नाही. रोवणीचे दिवस आले, मग शाळेचे काम निघाले, मग देवळाचे छत गळू लागले. पाच मैलांवरचे ते गाव. परंतु आम्ही आज जाऊ, उद्या जाऊ असे करीत राहिलो. धानकापणीच्या सुमारास आजी देवाघरी गेल्या. त्यांचा दफनविधी आम्हीच केला. घरी त्यांचा एकही फोटो नव्हता. ओळखपत्रावरील टिकलीएवढे चित्र मोठे करून नातवाने शवपेटीपाशी ठेविले होते. उरलेल्या दहा माणसांची नावे आजींबरोबर मातीत गेली. हा आमचा आळस होय. याची क्षमा आम्ही प्रभूजवळ मागितली आहे, आणि आज तुम्हांजवळही मागतो.

या प्रसंगाने आमच्या मनात एक विचार घर करून बसला. छायाचित्र म्हणजे स्मृती, असे आपण सहज म्हणतो. परंतु ते छायाचित्र पन्नासांहून अधिक वर्षे पेटीत पडून होते, तेव्हा ते कोणाचे स्मरण करीत होते? कोणाचेही नाही. त्यात स्मृती जागी झाली ती आजींचे बोट त्यावर पडले तेव्हा. कागदावर चेहरा असतो. स्मृती माणसांत असते. चेहऱ्याला नाव सांगणारे कोणी उरले नाही म्हणजे ते छायाचित्र केवळ जुने चित्र होऊन राहते.

या कलेचा इतिहास पाहिला तर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडलेली दिसते. १८३९ साली पॅरिस येथे दागेर याची कृती जगापुढे जाहीर झाली. पुढील पंधरा वर्षांतच, १८५४ साली, मुंबईत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकही या कलेत निपुण झाले. परंतु त्या काळी आपल्या लोकांचे चेहरे कशासाठी टिपले गेले ते पाहावे. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातीजमातींचे दोन खंड १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका जागी उभी करून टिपलेली आणि पाठीमागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा जोडलेला आहे. त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्यांत चारशेंहून अधिक छायाचित्रे आहेत. या ग्रंथांत माणसाखाली बहुधा त्याची जात, जमात वा धंदा लिहिलेला असतो. त्यास आईबापांनी कोणते नाव ठेविले होते, हे लिहिण्याची गरज सहसा कोणास भासली नाही.

आपल्या भागाचेही असेच आहे. हा भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतात होता. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ रचला; तो १९१६ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. ग्रंथ विद्वत्तेचा आहे, आणि आजही अभ्यासकांस त्याचा उपयोग होतो. त्यात छायाचित्रेही आहेत. परंतु ती पाहताना वाटते की, हा कोणाचा तरी आजा असेल, ही कोणाची तरी आई असेल. त्यांची नातवंडे कदाचित आजही जवळच्या एखाद्या गावात धान लावीत असतील, आणि आपल्या वाडवडिलांचा चेहरा दूरदेशीच्या ग्रंथालयात आहे याची त्यांस वार्ताही नसेल.

येथे आम्ही केवळ परक्यांस दोष देऊन थांबलो तर ते न्यायाचे होणार नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांच्या घोर दुष्काळांनी हा प्रांत होरपळून निघाला. १८९१ च्या शिरगणतीपेक्षा १९०१ च्या शिरगणतीत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या कमी भरली, यावरून काय अनर्थ झाला असेल ते समजावे. त्या दिवसांत निरनिराळ्या पंथांच्या मिशनरींनी अनाथ मुले पोटाशी धरली. कित्येकांनी त्या सेवेत प्राणही वेचले. त्याच काळी हाडांचे सापळे झालेल्या मुलांची छायाचित्रे मिशनांच्या मासिकांतून युरोप-अमेरिकेत छापली गेली, आणि ती पाहून परक्या देशांतील लोकांनी पोटास चिमटा घेऊन पैसे पाठविले. त्या पैशांनी मुले जगली. हे उपकार विसरणे कृतघ्नपणा होईल. तथापि ज्या मुलाचा उघडा देह साऱ्या जगाने पाहिला, त्याचे नाव बहुधा जगास कळले नाही. आमच्या पेटीतील छायाचित्रामागे ज्या मिशनरींनी "त्यांचे ख्रिस्ती" असे लिहिले, त्यांचे प्रेम खरे होते; त्यांनी या जंगलभागात पायी हिंडून आपणांस सुवार्ता दिली. परंतु प्रेम करणाऱ्याच्याही हातून नाव लिहावयाचे राहून जाते, हे ध्यानी ठेवावे. आमच्याही हातून राहून गेलेच.

आता याच्या अगदी उलट एक उदाहरण पाहा. नवेगावबांधचा तलाव आपणांपैकी कोणी पाहिला नाही? आज तो गोंदिया जिल्ह्यात गणला जातो. परंतु १९९९ साली जिल्ह्याचे विभाजन होण्यापूर्वी तो आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. तो तलाव कोलू पाटील कोहळी यांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी बांधविला, हे या झाडीपट्टीतील लहान मूलही सांगेल. त्यांचे छायाचित्र नाही. त्या काळी जगात कॅमेराच नव्हता. त्यांचा चेहरा कसा होता हे कोणासही ठाऊक नाही. तरीही तीनशे वर्षे लोकांनी त्यांचे नाव सोडले नाही; त्या परिसरात कोलासूर या नावाने लोक त्यांस देव मानू लागले. आमची श्रद्धा निराळी आहे, आणि ती आम्ही लपवीत नाही. परंतु ज्याने शेतास पाणी दिले त्याचे नाव पिढ्यान् पिढ्या मुखी ठेवणाऱ्या लोकांपुढे आम्ही आदराने मस्तक लववितो.

म्हणजे ग्रंथांतील छायाचित्रांत चेहरा उरला आणि नाव गेले. नवेगावच्या तलावावर चेहरा गेला आणि नाव उरले. या दोहोंत अधिक मोलाचे काय?

आपली पवित्र ख्रिस्तसभा या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीपासून देत आली आहे. प्रभू येशूचा चेहरा कसा होता याविषयी चारही शुभवर्तमानांत एक शब्द नाही. परंतु वाटेने चाललेल्या आणि क्रूस वाहण्यास भाग पाडलेल्या कुरेनेकर शिमोनाचे नाव त्यांत आहे. संत मार्क तर त्याच्या आलेक्सांद्र व रूफ या दोन मुलांचीही नावे देतो. का बरे? ज्या मंडळीसाठी त्याने लिहिले तिला ही मुले परिचित असावीत, असे पंडित म्हणतात. पुढे मिस्साच्या पहिल्या कृतज्ञतास्तवनाकडे पाहा. तेथे प्रेषितांबरोबर फेलिसिता व पर्पेतुआ यांची नावे येतात. या दोघींनी २०३ साली आफ्रिकेतील कार्थेज नगरीत श्रद्धेसाठी प्राण दिले. पर्पेतुआ कुलीन घरची होती. फेलिसिता ही दासी होती. त्या काळी बाजारात विकत मिळणाऱ्या दासीचे नाव कोण लक्षात ठेवील? परंतु अठरा शतके लोटली तरी वेदीवर ते नाव उच्चारले जाते. तिचा चेहरा कोणी पाहिला नाही. तिचे नाव मात्र ख्रिस्तसभेने गळू दिले नाही.

बाप्तिस्म्याचा विधी आठवा. मूल देवळाच्या दाराशी आणले म्हणजे धर्मगुरू प्रथम काय विचारतो? घर कोणते, जात कोणती, शेत किती, हे नव्हे. तो विचारतो की, या मुलाचे नाव काय ठेविले. ते नाव, आईबापांचे नाव, धर्मपालकांचे नाव, स्थळ आणि तारीख रजिस्टरात उतरते. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारतो, ही प्रभूची शिकवण आपण ऐकतो; तिचे कागदावरील रूप म्हणजे ते रजिस्टर. आपल्या पेटीत वर रजिस्टरे होती आणि खाली छायाचित्र होते. नावे वर, चेहरे खाली; मध्ये बोटभराचे अंतर. ते अंतर ओलांडून देणारे एकच माणूस आम्हांस लाभले होते, आणि आम्ही त्यास थांबावयास सांगितले.

आणखी एक गोष्ट सांगून मग कामाकडे वळतो. लिज्येच्या संत तेरेजा यांची तसबीर आपणांपैकी पुष्कळांच्या घरी आहे. त्यांची बहीण सेलीन १८९४ साली मठात दाखल झाली, तेव्हा तिने आपला कॅमेरा बरोबर नेला होता. यामुळे तेरेजांची खरी छायाचित्रे आपणांस लाभली. तेरेजा १८९७ साली निवर्तल्या. त्यानंतर जगभर जी चित्रे वाटली गेली ती बहुतांशी कुंचल्याने सुधारलेली, गोड केलेली होती. सेलीनचे प्रेम मोठे होते. आपली बहीण लोकांस सुंदर दिसावी अशी तिची इच्छा होती. परंतु मूळ छायाचित्रे न सुधारता १९६१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लोकांनी पाहिले की खरा चेहरा अधिक दृढ आणि अधिक विचारी आहे. संतास सजविण्याची गरज नव्हती. ज्युबिलीच्या वेळी हा मोह प्रत्येक धर्मग्रामास होतो. चांगले कपडे घातलेल्यांचे फोटो पुढे, फाटक्या लुगड्यातील आजीचा मागे. समारंभाचे फोटो पुष्कळ, माती कालवण्याचा एकही नाही. या प्रदर्शनात आम्ही कोणाचाही फोटो उजळ करू दिलेला नाही. डाग, भेगा, वाळवीचा कोपरा, सारे जसेच्या तसे आहे. तीही आपलीच हकीकत आहे.

आता काम. आपणांपैकी बहुतेकांच्या खिशात आज कॅमेरा आहे. पूर्वी दिवाळीनंतरच्या मंडईत रंगीत पडदा लावून बसणाऱ्या फोटोवाल्यापुढे सारे घर श्वास रोखून उभे राही, आणि तो एक फोटो जन्मभर भिंतीवर टांगला जाई. आज एका लग्नात हजार फोटो निघतात. वर्षभराने मोबाईल बिघडला की हजारही जातात. जे उरतात त्यांतही कोण कोणाचे हे लिहिलेले नसते. आपले पणतू ते पाहतील तेव्हा त्यांची स्थिती रसेलसाहेबांच्या ग्रंथाच्या वाचकाहून निराळी नसेल.

यास्तव आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली: घरी जाऊन जुने फोटो काढा आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. नाव, गाव, नाते आणि त्या माणसाने काय काम केले त्याची एक ओळ लिहा. जुन्या कागदी फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाई उतरते व चेहऱ्यावर डाग उमटतो. अलीकडच्या गुळगुळीत फोटोंवर पेन्सिल उठत नाही; त्यांसाठी निराळा कागद ठेवावा. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. चूल, ओल आणि ऊन यांपासून फोटो दूर ठेवावेत. दुसरी: धर्मग्रामाच्या कचेरीत आजपासून एक नोंदवही ठेविली आहे. प्रत्येक फोटोची नक्कल आणि नावे तीत येतील, आणि आमचे धर्मशिक्षक ती नावे बाप्तिस्म्याच्या रजिस्टरांशी ताडून पाहतील. मूळ फोटो मात्र तुमच्याच घरी राहील. तो कोणीही मागून घेणार नाही. तिसरी: ज्यांचा फोटोच नाही त्यांचीही नावे द्या. त्या काळी फोटोस पैसे लागत. कित्येक म्हाताऱ्या माणसांस फोटोने आयुष्य घटते असे वाटे, आणि पुष्कळ स्त्रियांस तर पुढे येऊ दिले जात नसे. नोंदवहीत त्यांच्यासाठी कोरी चौकट राहील आणि खाली नाव असेल. कोरी चौकट पाहून कोणास लाज वाटू नये. फेलिसितेचीही चौकट कोरीच आहे.

हे काम तरुणांनी करावे. परंतु ते पुढील ज्युबिलीसाठी राखून ठेवू नये. पुढची ज्युबिली येईल. आज सांगणारे तेव्हा असतील असे नाही.

शेवटी त्या दहा जणांविषयी. आजींनी सांगितलेली सात नावे छायाचित्राखाली लिहिली आहेत. दहा जागा कोऱ्या आहेत. कदाचित आज येथे येणाऱ्या कोणास एखादा चेहरा ओळखीचा वाटेल. वाटल्यास संकोच न करता सांगावे, चूक झाली तरी चालेल. आणि नाहीच कोणी ओळखले तर येत्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आपण वेदीसमोर ही सात नावे वाचू, आणि उरलेल्या दहांसाठी थोडा वेळ शांत उभे राहू. आम्हांस ती नावे ठाऊक नाहीत. ज्याने त्यांस नावाने बोलाविले, त्याच्या पुस्तकात ती पुसली गेलेली नाहीत, ही आपली श्रद्धा आहे. परंतु त्याच्याजवळ ती आहेत म्हणून आपण लिहू नयेत, असे मात्र त्याने कधी सांगितलेले नाही.

आता आपण आत चलावे. मुलांनो, तुम्ही पुढे व्हा; परंतु प्रत्येकाने घरच्या आजी-आजोबांचा हात धरून चला, आणि भिंतीपाशी गेल्यावर आधी त्यांस बोलू द्या.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.